घरगुती मसाल्यासाठी कोणतं सोशल मीडिया ठेवावं, कोणतं बंद करावं

प्रश्न: सांगली जिल्ह्यात आम्ही दोघी जावा मिळून घरी कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, उन्हाळ्यात वाळवणं आणि दिवाळीला फराळ करतो. भाच्याने फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, एक्स, टेलिग्राम, पिंटरेस्ट आणि शेअरचॅट अशी सात खाती उघडून दिली. रोज तास-दीड तासच हाताशी असतो. सगळीकडे थोडं थोडं टाकतो, लाइक येतात, पण ऑर्डर मात्र ओळखीतूनच येते. यातलं नेमकं काय ठेवावं?

उत्तर:

ताई, आधी निकाल सांगतो. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे तुमचं दुकान. ते तुम्ही यादीत धरलंच नाही, कारण तो तुम्हाला नुसता फोन वाटतो. इन्स्टाग्राम आणि फेसबुक एकमेकांना जोडून एकाच मेहनतीत चालवा. यूट्यूबवर वर्षाला चार व्हिडिओ पुरेत, पण ते नीट करा. गुगलवर व्यवसायाची नोंद एकदा करून ठेवा. एक्स, टेलिग्राम, पिंटरेस्ट आणि शेअरचॅटवर एक मिनिटही घालवू नका.

आता कारण. मसाला हा पुन्हापुन्हा लागणारा माल आहे. एखादं घर वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये एकदम घेतं, एखादं दर दीड-दोन महिन्यांनी अर्धा किलो मागवतं. पहिलं पाकीट बाई बघून घेते, दुसरं चवीसाठी. त्या दुसऱ्या वेळी तिला तुम्हाला शोधत बसावं लागलं, तर ती जवळच्या दुकानातलं पाकीट उचलते आणि तुमची मेहनत तिथेच संपते. म्हणून कुठलंही माध्यम पारखताना एकच बघा: अनोळखी बाईचा नंबर तुमच्या फोनमध्ये आणि तुमचा नंबर तिच्या फोनमध्ये ते किती लवकर आणतं. किती लोकांनी पाहिलं, हा आकडा त्यानंतरचा.

नंबर आपल्याकडे असण्याचं आणखी एक कारण आहे. ऑर्कुट 2014 मध्ये बंद झालं, गुगल प्लस 2019 मध्ये. 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली तेव्हा लाखोंनी फॉलोअर असलेली खाती एका रात्रीत निकामी झाली. आपल्याच देशातलं कू हे माध्यम 2024 मध्ये मिटलं. फॉलोअर त्या कंपनीकडे राहतात. ग्राहकाचा नंबर, नाव, पत्ता आणि ‘तिखट कमी, मीठ बेताचं’ ही तिची आवड तुमच्या वहीत राहते.

वेळेचा हिशेबही मांडून बघा. रोज दीड तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे नऊ तास. ते सात खात्यांना वाटले तर एकेकाच्या वाट्याला आठवड्याला जेमतेम सव्वा तास येतो. त्यात एक व्हिडिओसुद्धा धड होत नाही, आणि आलेल्या चौकशीला तीन दिवसांनी उत्तर जातं. अर्धवट चालवलेलं खातं हे नसलेल्या खात्याहून वाईट. शटर अर्धं उघडं, आत दिवा, पण हाक मारली तर कोणी ओ देत नाही, असं त्या गिऱ्हाइकाला वाटतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर जरा सविस्तर लिहितो, कारण पैसे इथे येतात.

व्यवसायासाठी वेगळं सिम घ्या आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस बसवा. सिम तुमच्या किंवा जाऊबाईंच्या नावावर हवं, भाच्याच्या नको. त्यातल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे मालाच्या यादीत, 500 पर्यंत वस्तू बसतात, तुम्हाला पंधरा पुरतील. प्रत्येक वजनाची नोंद वेगळी करा: ‘कांदा-लसूण मसाला 250 ग्रॅम’, ‘500 ग्रॅम’, ‘1 किलो’. किंमत लिहाच. ‘किंमत इनबॉक्समध्ये’ असं लिहिलं की निम्मी माणसं विचारतच नाहीत, आणि विचारतात त्यांना उत्तर देण्यात तुमचा वेळ जातो. रोज येणारे चार प्रश्न म्हणजे कुरिअरला किती दिवस, तिखट किती, किती महिने टिकतो आणि पैसे कसे द्यायचे. यांची उत्तरं ‘क्विक रिप्लाय’मध्ये साठवा. तिरपी रेघ आणि एखादा छोटा शब्द टाइप केला की पूर्ण उत्तर समोर येतं.

आता सगळ्यात मोठी चूक जिथे होते ते. ब्रॉडकास्ट म्हणजे एकच संदेश अनेक जणींना एकदम, पण वेगवेगळा पाठवणं. त्याच्या एका यादीत 256 नंबर बसतात, पण संदेश फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे. तुम्ही 200 जणींना पाठवला आणि त्यातल्या 60 जणींकडेच तुमचा नंबर असेल, तर 140 जणींना काहीच मिळत नाही, आणि तसं तुम्हाला कोणी कळवतही नाही. ‘ब्रॉडकास्टला प्रतिसाद येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

उपाय सोपा आहे. पहिली ऑर्डर पक्की झाली की तुमचं स्वतःचं काँटॅक्ट कार्ड पाठवा. नंबर टाइप करायला लावू नका, कार्डावर बोट ठेवलं की सेव्ह होतो. खाली लिहा: ‘हा नंबर सेव्ह करून ठेवा, पार्सल निघालं की इथूनच कळवू.’ पार्सलचं कारण असल्यामुळे बाई तो लगेच सेव्ह करते. कार्डावरचं नाव तुमच्या आडनावाने ठेवू नका, ‘सांगली कांदा-लसूण मसाला’ असं ठेवा. चार महिन्यांनी तिला तुमचं आडनाव आठवणार नाही. ती फोनमध्ये ‘मसाला’ असंच शोधणार.

ब्रॉडकास्ट महिन्यातून दोनदा, त्याहून जास्त नको. त्यात काम असावं, नुसतं ‘शुभ सकाळ’ नको. उदाहरणार्थ: ‘नमस्कार. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची वाळून तयार आहे. 14 तारखेला डंकावर कुटायला जाणार. अर्धा-एक किलो हवा असेल तर फक्त वजन कळवा.’ तारीख दिली की माणूस उद्यावर ढकलत नाही, आणि उत्तराला एक शब्द पुरेसा असला की ते येतंही. कुठूनतरी मिळवलेल्या किंवा विकत घेतलेल्या नंबरांच्या याद्यांना मात्र हात लावू नका. अनोळखी माणसं ब्लॉक करतात, तक्रार नोंदवतात, आणि नंबरच बंद होतो. जीबी व्हॉट्सअ‍ॅपसारखी नकली अ‍ॅप वापरूनही तेच होतं.

ग्राहकांचा ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो. तुमच्यावर विश्वास ठेवून नंबर दिलेल्या बायकांना मग भलत्याच माणसांचे संदेश येऊ लागतात, आणि दुसरा विक्रेता सगळी यादी अलगद उचलून नेतो. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल भारतात 2023 पासून आहे, पण तिथे फॉलो करणाऱ्यांचे नंबर तुम्हाला मिळत नाहीत. म्हणजे आपल्या कसोटीला ते उतरत नाही. तूर्त नको.

ऑर्डर कुठून आली हे कळण्याची एक युक्ती आहे, ती पहिल्याच दिवशी करा. व्हॉट्सअ‍ॅपची थेट लिंक बनवताना तिच्यात तयार संदेश घालता येतो. ‘डब्ल्यूए डॉट एमई’, मग तिरपी रेघ, मग 91 आणि पुढे तुमचा दहा अंकी नंबर. त्यापुढे प्रश्नचिन्ह, इंग्रजीत ‘टेक्स्ट’ हा शब्द, बरोबरचं चिन्ह आणि संदेश. संदेशातल्या मोकळ्या जागांमुळे लिंक तुटते, म्हणून तिथे टक्क्याचं चिन्ह आणि 20 लिहावं लागतं. भाच्याला हे पाच मिनिटांचं काम आहे. इन्स्टाग्रामच्या लिंकमध्ये ‘नमस्कार, इन्स्टावर पाहिलं’, यूट्यूबच्या लिंकमध्ये ‘नमस्कार, यूट्यूबवर पाहिलं’. बाईने लिंकवर बोट ठेवलं की तो संदेश तिच्याकडे आपोआप लिहून येतो, तिने फक्त पाठवायचा. तुम्ही लगेच त्या चॅटला लेबल लावा: इन्स्टा, यूट्यूब, गुगल, ओळख, जुनं गिऱ्हाईक. तीन महिन्यांनी कुठलं खातं ठेवायचं हे ही लेबलंच सांगतील. फोनवरून ऑर्डर आली तर तोंडाने विचारा, ‘आमचं कुठून कळलं?’

आता ओळख करून देणारं माध्यम कोणतं ते बघू. इथे गिऱ्हाईक कोण हे ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या मते तुमच्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं येऊ शकतात. एक, मूळची सांगली-सातारा-कोल्हापूरची, आता पुण्या-मुंबईत संसार करणारी पंचेचाळीस-पन्नाशीची बाई. तिला ही चव माहीत आहे, डंकावर जायला वेळ नाही. ती फेसबुकवर आणि यूट्यूबवर जास्त असते. दुसरी तिशीतली, नोकरी करणारी, आईच्या हातची आमटी आठवणारी. ती इन्स्टाग्रामवर असते. दोघींपर्यंत एकाच व्हिडिओने पोहोचता येतं, म्हणून इन्स्टाग्रामचं खातं फेसबुक पेजला जोडा आणि रील टाकताना ‘फेसबुकवरही’ हा पर्याय चालू ठेवा. मेहनत एकच, दारं दोन. दोन्हीकडचे संदेश मेटा बिझनेस सूट या एकाच अ‍ॅपमध्ये दिसतात. तिथे आपोआप जाणारं उत्तर लावा: ‘ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतो’, आणि सोबत लिंक.

इन्स्टाग्रामवर खातं ‘प्रोफेशनल’ करा, म्हणजे पाहणारे कुठल्या शहरातले, किती वयाचे, हे दिसतं. पोस्टखालच्या मजकुरात दिलेली लिंक उघडत नाही. ती प्रोफाइलमध्ये किंवा स्टोरीच्या लिंक स्टिकरवरच चालते. प्रोफाइलमध्ये पाच लिंक देता येतात, तुम्ही एकच द्या, व्हॉट्सअ‍ॅपची. प्रोफाइलचं ‘नाव’ शोधात धरलं जातं, म्हणून तिथे ब्रँडच्या नावासोबत ‘कांदा-लसूण मसाला, सांगली’ हे शब्द येऊ द्या.

फेसबुकवर पेजवर टाकलेली साधी पोस्ट फार थोड्यांना दिसते, हे गृहीतच धरा. फेसबुकचा खरा उपयोग ग्रुपमध्ये. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांचे, गावाकडच्या माणसांनी शहरात काढलेले, घरगुती पदार्थ विकणाऱ्या महिलांचे असे पुष्कळ ग्रुप असतात. त्यातले चारच निवडा, नियम वाचा, अ‍ॅडमिनला विचारा. बहुतेक ठिकाणी विक्रीला आठवड्याचा ठरावीक वार असतो. त्याआधी दोन-तीन आठवडे लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्या. कोणी विचारतं, ‘मसाल्याला जाळी लागली, काय करू?’ ते उत्तर तुमच्याइतकं चांगलं कोण देणार? मग विक्रीच्या दिवशी नाव ओळखीचं असतं. एकच मजकूर एका दिवसात वीस ग्रुपमध्ये चिकटवला तर फेसबुक पोस्ट करण्यावर बंदी घालतं.

रील कशी करायची याचं एक उदाहरण शेवटपर्यंत देतो. तीस ते चाळीस सेकंद. पहिल्या दोन सेकंदांत नावाची पाटी नको, नमस्कार नको. कढईत पळीभर तेल, त्यात सुकी मिरची पडते, फुगते, रंग बदलतो: हे जवळून. दुसरं दृश्य, कांदा तळून कुरकुरीत झालेला, झाऱ्यातून तेल निथळतंय. तिसरं, सुकं खोबरं, धणे, तीळ, खडा मसाला परातीत वेगवेगळ्या ढिगांत. चौथं, डंकाचा मुसळ पडताना. पाचवं, चाळणीतून पडणारा मसाला. आणि शेवटी गरम भाकरीवर तेल घालून कालवलेला तोच मसाला, एक घास मोडलेला. त्यावर तुमचा आवाज: मिरच्या कुठल्या, कांदा उन्हात वाळवून तळलेला, मीठ किती, टिकतो किती. शेवटचं वाक्य: ‘ऑर्डरची लिंक प्रोफाइलमध्ये आहे.’

बिघडतं कुठे तेही ऐका. डंकाचा आवाज इतका मोठा असतो की बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आवाज नंतर शांत खोलीत भरा. मिरची तळताना भिंगावर तेलाचा थर बसतो, दर दोन मिनिटांनी मऊ कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या पिवळ्या दिव्यात मसाला नारिंगी दिसतो. खिडकीशी, सकाळच्या उजेडात चित्रण करा. रंग वाढवणारा फिल्टर तर मुळीच लावू नका. कांदा-लसूण मसाला मुळात गडद, किंचित काळपट लाल असतो. व्हिडिओत भडक लाल दाखवला तर पाकीट फोडताच बाईला वाटतं, जुना माल पाठवला. गाजलेली सिनेगाणी लावू नका. व्यवसायाच्या खात्याला त्या संगीताची मुभा नसते, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओ काढला जातो. मिरची तडतडण्याचा आवाज कुठल्याही गाण्यापेक्षा बरा. आणि दुसऱ्या अ‍ॅपचा शिक्का असलेला व्हिडिओ इथे टाकू नका, असे व्हिडिओ इन्स्टाग्राम पुढे नेत नाही. मूळ फाइल जपून ठेवा.

आठवड्याला दोन रील पुरेत. एकाच दिवशी दोन तासांत आठ-दहा तुकडे चित्रित करून ठेवलेत तर दोन आठवड्यांचं साहित्य होतं.

यूट्यूबचा स्वभाव वेगळा. रील चार दिवसांत थंड होते. यूट्यूबवरचा चांगला व्हिडिओ दर उन्हाळ्यात पुन्हा वर येतो, कारण तिथे लोक शोधायला येतात. पण शोधणारी बाई काय शोधते? ‘कांदा-लसूण मसाला, एक किलोचं प्रमाण.’ म्हणजे तिला घरी करायचाय. तुमचा व्हिडिओ लाखभर बायकांनी पाहिला आणि ऑर्डर दहाच आल्या, तर दोष व्हिडिओचा नाही. विकत घेणारी बाई वेगळं शोधते: ‘झणझणीत मटकीची उसळ’, ‘अख्खा मसूर’, ‘डाळ-वांगं’. या पदार्थांचे व्हिडिओ करा आणि त्यात तुमचा मसाला किती चमचे घालायचा ते सांगा. पाव किलो मटकीला दोन चमचे म्हटलं की बघणारीला कळतं, आपल्याला असा मसाला लागणार. प्रमाणाचाही एक व्हिडिओ जरूर करा. प्रमाण सांगितलं म्हणून गिऱ्हाईक तुटत नाही. दहा पदार्थ भाजायचे, तळायचे, शिंका आणि ठसका सोसत डंकापाशी थांबायचं, हे सगळं बघून ‘त्यापेक्षा मागवलेलं बरं’ म्हणणारी बाई तिथेच मिळते.

शब्दांकडे लक्ष द्या, इथे पुष्कळ जण चुकतात. तुमच्याकडे याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात. पुण्या-मुंबईची बाई ‘चटणी’ शोधेल तेव्हा तिला शेंगदाण्याची किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी हवी असते. म्हणून शीर्षकात ‘कांदा-लसूण मसाला’ लिहा आणि वर्णनात ‘चटणी’, ‘घाटी मसाला’, ‘कोल्हापुरी तिखट’ हे शब्द येऊ द्या. गोडा मसाला म्हटलं की पुण्याचं गिऱ्हाईक, काळा मसाला म्हटलं की बाकीच्या बऱ्याच भागांतलं. दोन्ही नावं लिहा, आणि तुमचा नेमका कसा आहे तेही सांगा. बरेच जण रोमन लिपीत टाइप करून मराठी शोधतात, म्हणून वर्णनात एक ओळ रोमन स्पेलिंगची ठेवा.

यूट्यूबवर लिंकची एक अडचण आहे. छोट्या व्हिडिओंच्या, म्हणजे शॉर्ट्सच्या, वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक ऑगस्ट 2023 च्या अखेरीपासून उघडत नाहीत. मोठ्या व्हिडिओखालची लिंक उघडते, पण त्यासाठी चॅनेलची जादा ओळख-पडताळणी पूर्ण करावी लागते. ती सेटिंगमध्ये करून घ्या आणि व्हॉट्सअ‍ॅपची लिंक वर्णनाच्या पहिल्या ओळीत ठेवा, कारण ‘आणखी’वर बोट न ठेवता तेवढंच दिसतं. शॉर्ट्स करायचेच असतील तर तीच रील टाका आणि तिला मोठा व्हिडिओ ‘संबंधित’ म्हणून जोडा. चॅनेलच्या जाहिरातींचे पैसे मिळतील ही आशा सध्या बाजूला ठेवा. त्यासाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षभरात 4000 तासांचं पाहणं लागतं. तुमची कमाई मसाल्यातून व्हायची आहे.

चार व्हिडिओंचं वेळापत्रक असं: फेब्रुवारीत मटकीची उसळ आणि त्यातच मिरचीची निवड, मार्चमध्ये मसाल्याचं प्रमाण, जूनमध्ये डाळ-वांगं आणि त्यातच मसाला पावसाळ्यात कसा टिकवायचा, सप्टेंबरमध्ये फराळ. मोसम सुरू होण्याआधी टाका, तेव्हाच शोध वाढायला लागतात.

गुगलवरची नोंद सोशल मीडियात मोडत नाही, पण मी ती आधी करायला सांगेन. ‘घरगुती मसाला सांगली’ असं शोधणाऱ्या माणसाला विकत घ्यायचंच असतं. अट अशी की ग्राहकाशी तुमची प्रत्यक्ष गाठ पडली पाहिजे. फक्त कुरिअरने विकत असाल तर नोंद नियमात बसत नाही. सांगली-मिरज-कुपवाड भागात घरपोच देत असाल तर बसते. अशा वेळी ‘सेवा क्षेत्र’ हा प्रकार निवडा आणि घरचा पत्ता लपवा. दोघी बायका दिवसभर घरात, तर पत्ता जगजाहीर करायचं कारण नाही. पडताळणीसाठी गुगल बरेचदा व्हिडिओ मागतं: रस्ता, घराबाहेरची पाटी, आतली पाकिटं, लेबल, वजनकाटा असं एका सलग चित्रणात दाखवा. नावाच्या रकान्यात ‘उत्तम, स्वस्त, नंबर एक’ असले शब्द कोंबू नका, नोंद निलंबित होते. पाकीट पोहोचल्यावर आठवड्याने अभिप्रायाची लिंक पाठवा. अभिप्रायाच्या बदल्यात सूट मात्र देऊ नका, तेही नियमाबाहेर आहे.

बाकीच्यांचं थोडक्यात. शेअरचॅटवर मराठी माणूस भरपूर आहे, पण तो शुभेच्छा आणि करमणुकीसाठी येतो. पिंटरेस्टवर फोटो बघतात आणि पुढे जातात. टेलिग्राम चॅनेलला तुमचा ग्राहक मुळात यायला हवा, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर असताना तिथे कशाला येईल? एक्सवर चर्चा होते, मसाला विकला जात नाही. लिंक्डइन तुमच्या यादीत नाही. दिवाळीला कंपन्यांना फराळाचे डबे द्यायचे असतील तर ऑगस्ट-सप्टेंबरात एवढ्यापुरतं उघडा, कारण कंपन्या खरेदी तेव्हा ठरवतात. हे सगळं बंद करताना नाव तेवढं राखून ठेवा. खातं पुसू नका, प्रोफाइलमध्ये ‘ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर’ असं लिहून लिंक द्या आणि सूचना बंद करा.

जाहिरातीचा एक हिशेब दाखवतो. पोस्टखालचं ‘बूस्ट’ बटण घाईत दाबलं तर लाइक मिळतात. जाहिरात देताना उद्देश ‘संदेश’ हा निवडा आणि ती थेट व्हॉट्सअ‍ॅपला जोडा. ठिकाण फक्त पुणे, वय 35 च्या पुढे. जी रील आपोआप चांगली चालली तिलाच पैसे लावा. समजा रोज 200 रुपये, सात दिवस: 1400 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 252, एकूण 1652. त्यातून 11 नवी गिऱ्हाइकं आली तर एकेकीला 150 रुपये पडले. अर्ध्या किलोच्या पाकिटात तुम्हाला 90 रुपये सुटत असतील, तर पहिल्या ऑर्डरला दरडोई 60 रुपये तोटा आहे. दुसऱ्या पाकिटाला तो भरून निघतो आणि वर 30 रुपये उरतात. म्हणून त्या 11 जणींनी नंबर सेव्ह केला की नाही, यावर जाहिरात परवडली की नाही हे ठरतं. निम्म्या जणी पुन्हा मागवतात याची खात्री होईपर्यंत जाहिरात देऊ नका.

खाती तुमच्या ताब्यात आहेत ना, हे आजच बघा. भाचा उद्या नोकरीला बाहेरगावी गेला, त्याचा फोन बदलला, की पेज हातचं जातं. फेसबुक पेजवर तुम्हा दोघींना पूर्ण अधिकार द्यायला सांगा. प्रत्येक खात्याला टू-स्टेप पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा आणि तिचे राखीव कोड वहीत लिहून ठेवा. ‘तुमचं पेज कॉपीराइटमुळे बंद होणार आहे, इथे क्लिक करा’ असा संदेश मेसेंजरवर आला तर तो चोराचाच समजा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पाहून पार्सल बांधू नका, बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच. पैसे घेण्यासाठी आपण कधीच क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि पिनही टाकायचा नसतो. मोठी ऑर्डर देऊन असं करायला लावणारे भामटे घरगुती विक्रेत्यांनाच गाठतात. आणि पाकिटाच्या फोटोत एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा नोंदणीचा, 14 अंकी क्रमांक, वजन आणि तयार केल्याची तारीख स्पष्ट दिसू द्या. अनोळखी बाईला पहिला विश्वास त्यावरून येतो.

बारा आठवडे असं चालवा आणि मग लेबलं मोजा. मोजताना मोसम ध्यानात घ्या. श्रावणात आणि पुढे चातुर्मासभर कित्येक घरांत कांदा-लसूण शिजत नाही. रीलला बघणारे तेवढेच असतील, ऑर्डर मात्र घसरेल, आणि तुम्हाला वाटेल इन्स्टाग्राम बिघडलं. त्या दिवसांत गोडा मसाला आणि उपवासाची वाळवणं पुढे करा, कांदा-लसूण मसाल्याचा निकाल तेव्हा लावू नका. मार्च ते मे हा खरा परीक्षेचा काळ. त्यात इन्स्टा आणि फेसबुक मिळून बारा आठवड्यांत पंधरासुद्धा नवे नंबर आले नाहीत, तर रील आठवड्याला एकच करा. त्यातून वाचलेल्या तास-दोन तासांत पुढच्या फेब्रुवारीच्या शेवटी वही उघडून जुन्या गिऱ्हाइकांना एकेकीला फोन करा आणि विचारा, ‘यंदा वर्षाचा किती किलो करू?’ कोणी दोन किलो सांगेल, कोणी म्हणेल जाऊबाईंनाही हवाय, त्यांचा नंबर घ्या.